शेवटच्या दाढेचा टंच

प्रेम डोळ्यांतून शिरतं आणि थेट काळजात उतरतं, याबद्दल आजवरच्या सगळ्या थोर लोकांचं एकमत आहे. डॉक्टर रक्षिता पट्टणशेट्टी हिचाही त्यावर पूर्ण विश्वास होता. तिच्या बाबतीत ते खालच्या जबड्यातल्या उजव्या बाजूच्या अगदी शेवटच्या दाढेतून शिरलं आणि त्या दाढेला कीड होती, ही गोष्ट निराळी.

साल दोन हजार चार, महिना ऑगस्ट. कोल्हापुरात पाऊस पडत होता असं सांगण्यात काही अर्थ नाही, कारण जूनपासून तो थांबलाच नव्हता. राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर रक्षिताचा दातांचा दवाखाना होता आणि दाराशी छत्र्या ठेवायला एक बादली होती. बादली पावसाच्या पाण्यानं भरायची. बाकडं मात्र भरायचं नाही. रक्षिता धारवाडला शिकून आली होती. गडहिंग्लजचे मिरचीचे व्यापारी महालिंग पट्टणशेट्टी यांची ती एकुलती मुलगी. आपल्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या लोकांची तोंडं पोळवली, आता एकीनं ती दुरुस्त करावीत, अशा न्यायबुद्धीनं अप्पांनी तिला दवाखाना थाटून दिला होता. मदतीला बायडाबाई होत्या. हत्यारं उकळणं, नावं पुकारणं आणि पेशंट जिना उतरला की त्याच्या स्वभावाबद्दल मत देणं, ही त्यांची कामं.

अशाच एका गिचगिचीत दुपारी एक तरुण जिना चढून आला. बायडाबाईंनी "पावणं, चपला भाईर," म्हणून त्याला अडवलं. चपला निघाल्या. तो अंगानं निथळत होता, पण शर्टाच्या खिशातून त्यानं जी गुलाबी कागदाची पुडी काढली ती कोरडी ठणठणीत होती. त्यानं ती टेबलावर जपून उलगडली. आत ज्वारीच्या दाण्याएवढा एक करडा खडा होता.

"आमच्या आईच्या दाढेतली चांदी पडली," तो म्हणाला. "भाकरी खाताना. आता दुसरी भरायची हाय. पण आदी एक सांगा डॉक्टर... तुमचा टंच किती?"

हा शब्द कोल्हापुरात कॉलेजच्या कट्ट्यावर ज्या अर्थानं वापरतात, त्या अर्थानं तो एखाद्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर उच्चारणारा माणूस एक तर फार शूर असतो, नाहीतर त्याला धडपणी घरी जायचं नसतं. रक्षिताच्या तोंडावर मास्क होता. मास्कच्या वरचे डोळे तेवढे बारीक झाले.

"काय म्हणालात?"

"टंच," त्यानं निरागसपणे पुन्हा सांगितलं. "म्हंजे साठचा हाय, सत्तरचा हाय... का ऐंशीच्या वर?"

बायडाबाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. "बाई, ह्यो माणूस वय इचारतोय का वजन?"

माणूस गोंधळला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि हा चावटपणा नव्हे हे रक्षिताच्या ध्यानात आलं. मग तिला काहीतरी आठवलं. लहानपणी अव्वाबरोबर, म्हणजे आईबरोबर, ती पैंजण घ्यायला एका गावी गेली होती. तिथला दुकानदार अव्वाला हाच शब्द पुन्हा पुन्हा ऐकवत होता आणि अव्वाला त्याचा राग आला नव्हता.

"तुम्ही हुपरीचे का?" तिनं विचारलं.

तो हुपरीचाच निघाला. नाव कृष्णात खोचीकर. घरात तीन पिढ्यांचं चांदीकाम. हुपरीत चांदीच्या शुद्धतेला टंच म्हणतात, आणि तिथली माणसं पावण्याला पाणी विचारायच्या आधी त्याच्या अंगावरच्या चांदीचा टंच विचारतात. त्या शब्दाचा दुसरा अर्थ तिथं कुणाला सुचत नाही, कारण पहिल्यावर पोट चालतं. कृष्णातनं घडलेला अनर्थ सविस्तर सांगितला. आईच्या दाढेत चांदी भरली म्हणून सगळं घर वीस वर्षं निर्धास्त होतं. काल ती पडली. सवयीनं त्यानं ती कसोटीवर घासली, आणि कसोटी भलतंच बोलायला लागली. चांदी थोडी, बाकी काय काय. भरणारा डॉक्टर वारला होता. नाहीतर जाब विचारला असता. आई धोंडुबाई तर गल्लीत सांगत सुटली होती की हुपरीच्या बाईला खोटी चांदी घालून गेला.

"आता उद्या आटवूनच बघावं म्हंतो," कृष्णात म्हणाला.

"आटवू नका," रक्षिता म्हणाली, आणि पुडी पटकन स्वतःकडे ओढली. "ह्यात जवळजवळ निम्मा पारा आहे. दातात बसतो तोवर काही करत नाही. भट्टीत घातलात तर त्याची वाफ तुमच्या छातीत जाईल."

अशा रीतीनं पहिल्याच भेटीत तिनं त्याची फुप्फुसं वाचवली. प्रेमकथांत हे काम बहुतेक वेळा नायकाकडे असतं.

आईला घेऊन या, असं तिनं सांगितलं. तो उठला, दारापर्यंत गेला, आणि तिथं तिनं त्याला थांबवलं.

"आणि तुमची कुठली दुखते?"

"माझी? माझी कुठं..."

"उजवीकडची. बोलताना जीभ सारखी तिकडं जाऊन येते."

तो खुर्चीत बसला. तिनं दिवा वळवला. दात चांगले, घट्ट, रांगेत होते. फक्त पुढच्या दोन दातांच्या कडेला केसाएवढी खाच पडली होती. चांदीची तार दातात धरता का, असं तिनं विचारलं. दोन्ही हात कामात असत्यात, तिसरा हात ह्योच, असं त्यानं मोठ्या कष्टानं, तोंड उघडं ठेवून सांगितलं. मग आरसा मागे मागे सरकत गेला आणि अगदी शेवटच्या दाढेपाशी थांबला. तिच्या माथ्यावर कीड होती. अशा दाढेबद्दल पुस्तकात एकच ओळ असते आणि ती रक्षिताला पाठ होती. तिनं आरसा बाहेर काढला, खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघितलं आणि म्हणाली, "भरूया."

"चांदी?"

"चांदी नाही. नवीन आलंय."

नवीन जे होतं ते एका छोट्या काळ्या पिचकारीत होतं. धारवाडच्या तिच्या सरांनी ते पाठवलं होतं आणि सांगितलं होतं, तुमच्याकडची माणसं ऊस सोलून खातात, मटणाच्या नळ्या फोडतात. दोघा-चौघांना भरून बघ, सहा महिन्यांनी कळव. तिनं त्याला समजावलं. हे म्हणजे एक प्रकारची राळ, आणि तिच्यात काचेसारखी भुकटी. जुन्या सिमेंटमध्येही भुकटीच असायची, पण ही इतकी बारीक की केसाच्या जाडीत हजारावर कण ओळीनं बसतील. त्यामुळं ते कमी झिजतं आणि दातासारखं चकाकतं. कृष्णात पुढं सरकून ऐकत होता. कानस मारल्यावर पडतो त्याहून बारीक? त्याहून. बोटावर घेतला तर दिसंल? दिसणार नाही. मग मोजला कुणी? रक्षिताला या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, आणि आजवर तिच्या खुर्चीत बसून हा प्रश्न कुणी विचारलाही नव्हता. लोक फक्त, दुखेल का, एवढंच विचारत.

"आणि त्याचा टंच?"

"त्याला टंच नसतो."

"मग खरं-खोटं कळायचं कसं?"

"वापरून."

"टिकंल किती?"

इथं कुठलाही शहाणा डॉक्टर आकडा सांगतो. रक्षिता म्हणाली, "माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. बाजारात येऊन दोनेक वर्षं झालीत."

कृष्णातनं तिच्याकडे बघितलं. मास्कच्या वर दोन डोळे होते आणि ते चुकवाचुकवी करत नव्हते. "धंद्यात माणसं असं बोलत न्हाईत," तो म्हणाला. "समदी ग्यारंटी देत्यात."

"मी देत नाही. अधूनमधून येऊन दाखवायचं, एवढंच."

"येतो की," तो म्हणाला, जरा घाईनंच.

पुढच्या गुरुवारी दाढ भरायला घेतली. हे मटेरियल घट्ट होताना आक्रसतं, म्हणून एकदम कोंबायचं नाही. पातळ थर घालायचा, निळा दिवा धरायचा, तो थर दगडासारखा झाला की पुढचा. चांदीपण ओतली की आक्रसती, असं कृष्णातला सांगायचं होतं. त्याच्या गालात कापूस होता, त्यामुळं ते "आँआँआँ" असं बाहेर आलं. कीड काढून झाली, पहिला थर बसला. दुसरा थर घातला, रक्षितानं निळा दिवा उचलला, आणि लाईट गेली.

कोल्हापुरात तेव्हा लाईट जाणं ही बातमी नव्हती. पण आता पंचाईत अशी होती की हे मटेरियल उजेडानं घट्ट होतं. खिडकीतून येणाराही उजेड त्याला हळूहळू, भलत्याच आकारात घट्ट करू शकतो. तेव्हा पडदा ओढणं भाग होतं. हे सगळं शास्त्राला धरून होतं. बायडाबाईंना ते तितकंसं पटलं नाही. त्या बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसल्या आणि दर थोड्या वेळानं खोकत राहिल्या.

"तोंड मिटू नका," रक्षिता म्हणाली. "बोलू नका. जीभ लावू नका."

पंखा बंद. थुंकी ओढणारी नळी बंद. तिनं एका हातानं कापूस धरला होता. दुसऱ्या हातानं तिनं मास्क खाली ओढला, कारण जीव घुसमटत होता. पडद्याच्या फटीतून आलेली करड्या उजेडाची एक पट्टी तिच्या हनुवटीवर पडली. कृष्णात त्या हनुवटीकडे बघत राहिला. इतके दिवस त्याला ठाऊक होते ते फक्त डोळे. बाकीचा भाग त्यानं मनानं घडवला होता आणि तो थोडा चुकला होता, हे त्याला आता कळलं. खरा जास्त बरा होता. हे सांगायची सोय नव्हती.

समोरचा बोलू शकत नाही म्हटल्यावर माणूस जे बोलतो ते रक्षिता बोलायला लागली. आधी पाऊस झाला. मग धारवाडचं हॉस्टेल झालं. मग तिच्या नकळत गाडी स्थळावर आली. हुबळीचा वीरेश. आपल्यातलाच, डॉक्टर, दातांचाच. स्वतःचा दवाखाना, दोन खुर्च्या. अप्पांच्या मनात भरलाय, अव्वाला पत्रिका आवडलीय. फोटो आलाय, त्यात दात छान दिसतात. "बाकी काही दिसत नाही," ती म्हणाली. "म्हणजे दोष नाही, तसा. पण कुतूहलही वाटत नाही."

"आ," कृष्णात म्हणाला.

"असं करू. एकदा आ म्हणजे होय, दोनदा म्हणजे नाही. चालेल?"

"आ."

"तोंड दुखतंय?"

"आ. आ."

दुखत होतं; डोळ्यांत पाणी आलं होतं. ती हसली आणि तिनं कापूस बदलला.

"मी हुबळीला गेले तर दुसरा डॉक्टर बघाल?"

"आ. आ."

बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं. ती काही वेळ ते ऐकत बसली. मग त्याच्याकडे न बघता, हातातल्या चिमट्याशी खेळत म्हणाली, "माणूस चांगला आहे म्हणतात. मग मला हो म्हणायला काय हरकत आहे?"

शेवटी ती कृष्णातकडे वळली. त्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"आ," तो म्हणाला. मग, "आ." आणि मग, सावकाश, "आ."

"तीनदाचा अर्थ ठरलेला नाही," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात लाईट आली. पंखा गरगरला, नळी घरघरली, आणि बायडाबाई दारातून म्हणाल्या, "परदा उघडू का राहू दे?"

निळा दिवा लागला. थर बसले, घासले, चकाकले. कृष्णातचं तोंड अखेर मिटलं, आणि बोलायची मोकळीक मिळाल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते असं: "भाकरी कवा खायची?"

त्यानंतर रक्षिताच्या डोक्यात एकच प्रश्न घुमत राहिला. नवीन मटेरियलबद्दल जगातल्या विद्यापीठांना जे कुतूहल होतं, त्याहून मोठं कुतूहल राजारामपुरीत एका माणसाच्या तिसऱ्या 'आ'बद्दल होतं. त्याला विचारणं डॉक्टरला शोभत नव्हतं. न विचारता हुबळीला हो म्हणणं जमत नव्हतं. ती अप्पांना बघू, बघू म्हणत राहिली.

पंधरा दिवसांत कृष्णात परत आला. भरलेलं उंच वाटतंय म्हणाला, चावताना लागतंय. अशा वेळी निळा कार्बन कागद दातांत धरून चावायला सांगतात. उंच जागी निळा ठिपका उठतो, तेवढं घासायचं. रक्षितानं कागद धरला. "चावा." तो चावला. "आणखी." तो आणखी चावला. ठिपका उठला नाही. तिनं त्या कोऱ्या दाढेकडे बघितलं, कोऱ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "होय की. थोडं उंच आहे." मग यंत्र चालू करून तिनं ते दाढेपासून बोटभर लांब, हवेत फिरवलं. पाण्याचा फवारा त्याच्या गालावर उडाला. त्यानं डोळे मिटले.

"आता?"

"आता जरा बरं हाय. पण पुन्यांदा लागंल, असं वाटतंय."

"लागलं तर या."

ते लागत राहिलं. दसऱ्याला लागलं, दिवाळीच्या आधी लागलं, ऊस तोडणी सुरू झाली तेव्हा तर फार लागलं. "एवढं घासून दाढ शिल्लक ऱ्हायली," बायडाबाई म्हणाल्या, "म्हंजे मटेरियल चांगलंच असणार."

दातांच्या डॉक्टरपासून माणसाचं काही लपत नाही. सुरुवातीच्या एका गुरुवारी तिला त्याच्या दातांत मटणाचा धागा सापडला होता आणि ती म्हणाली होती, "काल बुधवार होता." तो ओशाळला होता. कोल्हापुरात बुधवारी मटण खाणं हा गुन्हा नाही, उलट न खाणाऱ्याची चौकशी होते. ती लिंगायत, घरात कांद्यालाही वार पाहणारी अव्वा. एवढंच ती सहज बोलून गेली होती. पुढच्या खेपेला धागा नव्हता. त्याच्या पुढच्याही खेपेला नव्हता. तिनं आरसा फिरवून फिरवून शोधला. तिला तो सापडायला हवा होता की नको, हे तिचं तिलाच कळेना.

उत्तर घेऊन आल्या त्या धोंडुबाई. पडलेली चांदी पुन्हा भरून घ्यायला त्या अखेर हुपरीहून आल्या, खुर्चीत बसल्या, आणि तोंड उघडायच्या ऐवजी चालवायला लागल्या.

"डॉक्टरीणबाई, खरं सांगा. माझ्या पोराच्या दाढंत काय घातलंयसा?"

"का हो? दुखतं का?"

"दुखल कशाला. मटान सोडलंय त्यानं. पांढरा रस्सा समोर आला की उठून जातंय. आमच्यात असं कुणाचं कवा झालं न्हाई. त्या नव्या औषधाचा गुण असणार."

रक्षितानं शास्त्रीय प्रामाणिकपणानं सांगितलं की असा परिणाम आजवर कुठं नोंदलेला नाही. सांगताना तिनं मास्क जरा वर ओढला, कारण खाली जे चाललं होतं ते पेशंटनं बघण्यासारखं नव्हतं.

"मला आपली चांदीच भरा," धोंडुबाई म्हणाल्या. "खोटी तर खोटी. माझं मटान सुटायला न्हाई पायजे."

फेब्रुवारी उजाडला. अप्पांचा फोन आला. गुरुवारी ते स्वतः वीरेशला घेऊन येणार होते. तो दवाखाना बघेल, दोघं बोलतील, आणि संध्याकाळी रक्षितानं होय किंवा नाही सांगायचं. बघू हा शब्द आता चालणार नव्हता. गुरुवारी सकाळी कृष्णातची सहा महिन्यांची तपासणी होती. ती बदलता आली असती. रक्षितानं ती बदलली नाही, आणि का बदलली नाही, याची स्वतःकडं चौकशीही केली नाही.

तर गुरुवारी अप्पा बाहेरच्या बाकड्यावर बसले होते, कृष्णात खुर्चीत आडवा होता, आणि दारात वीरेश उभा होता. तो खरोखरच चांगला माणूस होता. उंच, शांत, फोटोतले दात खरे. नवीन मटेरियल म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले.

"मी बघू का? आमच्याकडं अजून कुणी वापरलेलं नाही."

कृष्णातनं मान हलवली. तोंड उघडं होतं, त्यामुळं दुसरं काही करणं शक्य नव्हतं. वीरेशनं आरसा घेतला, वाकला, आणि मनापासून म्हणाला, "सुंदर. कड कुठं आहे ते कळत नाही. डाग नाही. सहा महिने झाले म्हणता?"

"दर पंधरवड्याला घासतोय की," बायडाबाई अभिमानानं म्हणाल्या. "उंच लागतंय त्यांना."

"उंच?" वीरेशनं आरसा उलटा केला आणि वरचा जबडा बघितला. पुन्हा खालचा बघितला. "उंच कसं लागेल? ही अक्कलदाढ आहे. हिच्यासमोर वर दातच नाही." तो रक्षिताकडे वळला, आवाजात आरोप नव्हता, निव्वळ कुतूहल होतं. "आणि अक्कलदाढ तुम्ही भरली का? ही तर काढायची असते. एका दिवसाचं काम."

खालून भाजीची गाडी ओरडत गेली.

"आँ?" कृष्णात म्हणाला.

वीरेशनं त्याच्याकडे बघितलं. मग रक्षिताच्या कानाकडे बघितलं, कारण चेहऱ्यावर मास्क होता आणि कान तेवढे उघडे होते; ते मिरचीच्या रंगावर गेले होते. त्यानं आरसा हळूच ट्रेमध्ये ठेवला.

"माझं निदान झालं," तो म्हणाला. बाहेर जाऊन त्यानं अप्पांना, मामा, खाली चहा घेऊ या, असं सांगितलं आणि त्यांना जिन्यानं घेऊनही गेला.

"परदा ओढू?" बायडाबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्याही बाहेर गेल्या.

कृष्णात खुर्चीत उठून बसला. "काढायची हुती?"

"होय."

"मग भरली का?"

रक्षितानं मास्क काढला. खाली ओढला नाही, काढलाच, आणि त्याच्या दोऱ्या बोटाला गुंडाळत राहिली. "काढली असती तर... एका दिवसात संपलं असतं. तुम्ही परत आला नसता." मग तिला थोडा राग आला, तो अशा वेळी उपयोगी पडतो. "आणि तुम्ही? वर दात नाही हे जिभेला कळत नाही? कशाला लागत होतं ते, हवेला?"

"कळतंय की. तुमीपण हवेतच घासत हुतासा."

"मग सांगायचं."

"काय सांगायचं? बरी हाय म्हणून दवाखान्यात कोण येतंय?"

ती हसायला लागली आणि मग थांबली, कारण विचारायचं ते अजून राहिलं होतं. "त्या दिवशी लाईट गेली होती... तुम्ही तीनदा आ म्हणालात. त्याचा अर्थ काय?"

कृष्णातनं खाली बघितलं. पिशवीत हात घालून बसावं तसे दोन्ही हात त्यानं मांडीत दडवले. "शब्द म्हणत हुतो," तो म्हणाला. "तीन हुते. हो... म्हणू... नका."

पडदा उघडाच होता. फेब्रुवारीचं लख्ख ऊन खुर्चीवर, ट्रेवर, तिच्या हातावर पडलं होतं.

"टंच किती?" तिनं विचारलं.

दुसरा कुणी असता तर शंभर म्हणाला असता. कृष्णात विचारात पडला, कारण प्रश्न धंद्याचा होता आणि त्या बाबतीत हुपरीचा माणूस खोटं बोलत नाही.

"शंभर न्हाई," तो म्हणाला. "शंभर टंचाची चांदी मऊ असती, वापरात वाकती. थोडं तांबं पडलं की मग टिकतंय. तवा... नव्वदीच्या वर धरा. बाकी भांडण-तंटा, माझी आई, मटान."

"मटण सुटलंय ना?"

"बुधवारचं सुटलंय. रविवारचं बघतोय."

"टिकेल किती?"

"म्हाईत न्हाई," कृष्णात म्हणाला. "येऊन दाखवत जाईन."

संध्याकाळी रक्षितानं अप्पांना नाही म्हणून सांगितलं, आणि त्यामागचं होयही सांगितलं. अप्पा उठले आणि गडहिंग्लजच्या गाडीत बसले. मिरचीचा अख्खा हंगाम ते तिच्याशी बोलले नाहीत. अव्वाचे फोन यायचे. त्यात हवापाणी असायचं, रडणं असायचं, आणि शेवटी हळूच, तो मुलगा आता काय काय खातो, अशी चौकशी असायची. रक्षिता अडून बसली नाही, पळूनही गेली नाही. अप्पांच्या होयशिवाय तिला लग्न करायचं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाशी करायचं नव्हतं. हा तिढा पावसाळाभर तसाच राहिला.

तो सोडवला अप्पांच्या दातानं. दिवाळीनंतर त्यांची एक दाढ अशी ठणकली की गडहिंग्लजच्या दोन डॉक्टरांनी हात टेकले, आणि अप्पांना राजारामपुरीचा जिना चढावा लागला. रक्षितानं एक शब्द न बोलता दाढ बधिर केली, कीड काढली, गालात कापूस ठेवला, पिचकारीतला पहिला थर घातला. मग निळा दिवा हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

"अप्पा," ती म्हणाली, "एकदा आ म्हणजे होय. दोनदा म्हणजे नाही."

अप्पांनी डोळे वटारले. खुर्चीच्या हातावर बोटं आपटली. बायडाबाईंकडे बघितलं, त्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या. लेकीकडे बघितलं. तिचं बोट दिव्याच्या बटणावर होतं.

"आ," अप्पा म्हणाले.

ती दुसऱ्याची वाट बघत थांबली. पुष्कळ थांबली. दुसरा आला नाही. तेव्हा तिनं दिवा लावला.

लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. धोंडुबाईंनी सुनेला पैंजण घातले आणि मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असा त्यांचा टंच सांगितला. गडहिंग्लजकडचे काही पावणे त्यामुळं बराच वेळ अवघडून बसले होते.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात कृष्णातच्या त्या दाढेची हिरडी सुजली आणि दाढ अखेर काढावी लागली. रक्षितानंच काढली. बशीत ठेवून भिंगाखाली बघितली. भरलेलं जसंच्या तसं होतं. चरा नाही, फट नाही, कड जराही झिजलेली नाही. तिनं ताबडतोब धारवाडला सरांना फोन केला आणि मटेरियल फारच मजबूत आहे, असं कळवलं. सरांनी फक्त, वरचा दात किती झिजलाय, एवढंच विचारलं.

वर दात नव्हता.